मैत्री त्यांची, वैर त्यांचे, भुर्दंड कोणाला?



३० ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी हस्तांदोलन केले. त्याच आठवड्याच्या अखेरीस आपल्यातील एका कुटुंबाकडे स्नेहभोजनास जमलेल्या मंडळींचे चेहरे उतरलेले आम्ही पाहिले. "यांचे जमले, आता भारताला कोण विचारतो आणि आपल्यालाही कोण विचारतो?" असा एकंदर सूर होता. गंमत अशी की, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरील आयातशुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेले आणि चीनने १२५ टक्क्यांचे प्रत्युत्तर दिले, तेव्हा हीच मंडळी हर्षभरित झाली होती. पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ! ही म्हण त्या दिवसांत आम्ही किती वेळा ऐकली, याची गणती नाही.

यजमानांचा मान राखावा म्हणून त्या संध्याकाळी आम्ही गप्प बसलो. परंतु ते मौन आम्हांला बोचत राहिले. म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी लेखाविषयी विचारणा करताच आम्ही हाच विषय घेतला. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: दोन बलाढ्य राष्ट्रांच्या भांडणात आपला लाभ शोधणे हा भ्रम आहे, आणि त्यांच्या मैत्रीत आपला घात पाहणे हाही भ्रमच आहे. त्यांची मैत्री असो वा वैर असो, तिचा भुर्दंड जो त्या खोलीत हजर नसतो त्याला पडतो. गेल्या अर्धशतकाचा इतिहास याची साक्ष देतो. आम्ही पेशाने वैद्य आहोत, इतिहासकार नव्हे. परंतु रोग्याचा पूर्ववृत्तान्त नीट ऐकल्यावाचून निदान करू नये, एवढे आम्हांला आमच्या शास्त्राने शिकविले आहे. तेव्हा प्रथम पूर्ववृत्तान्त पाहू.

अमेरिका आणि कम्युनिस्ट चीन यांच्या सलोख्याचा प्रारंभ एका खोट्या पोटदुखीने झाला. जुलै १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर पाकिस्तानात आले, पोट बिघडल्याचे निमित्त करून दृष्टिआड झाले आणि ९ जुलै रोजी पाकिस्तानच्या विमानाने गुपचूप पेकिंगला पोहोचले. १५ जुलैला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून ही वार्ता सांगितली आणि जग थक्क झाले. शिष्टाईचा चमत्कार म्हणून आजही तिचे कौतुक होते. मात्र हा चमत्कार ज्या दाराने झाला, त्या दाराचा पहारेकरी कोण होता? जनरल याह्याखान! २५ मार्च १९७१ च्या रात्रीपासून ज्यांचे सैन्य पूर्व बंगालमध्ये निरपराध माणसांची कत्तल करीत होते, तेच हे गृहस्थ. ढाक्यातील अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी यांनी ६ एप्रिल रोजी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार पाठविली. तीवर वीस अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. फळ काय मिळाले? ब्लड यांना ढाक्यातून परत बोलावण्यात आले. याह्याखान यांच्यावर दडपण आणू नये, अशा आशयाचा शेरा निक्सन यांनी स्वहस्ते लिहिला. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पेकिंगचे दार उघडावे म्हणून ढाक्याच्या रक्ताकडे पाठ फिरविली गेली. आपली अमेरिका त्या दिवशी लोकशाही राष्ट्र नव्हती काय? होती. पण लोकशाहीचा न्याय तिच्या किनाऱ्याशीच थबकला होता.

फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन स्वतः चीनला गेले. शांघायचे संयुक्त निवेदन निघाले. १ जानेवारी १९७९ पासून उभय राष्ट्रांत पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. या सलोख्याची किंमत तिबेटी माणसाने कशी चुकविली, हे बौद्ध म्हणविणाऱ्या आपल्या घरांत तरी ठाऊक असावयास हवे. नेपाळच्या मुस्तांग भागात राहून चिनी सैन्याशी लढणाऱ्या तिबेटी लढवय्यांना अमेरिकेची गुप्तचर संस्था शस्त्रे आणि पैसा पुरवीत असे. चीन शत्रू होता तोवर हे लढवय्ये कामाचे होते. चीनशी बोलणी सुरू होण्याच्या सुमारास तो ओघ आटला. १९७४ मध्ये नेपाळी सैन्याने त्यांचे तळ बंद पाडले. शस्त्रे खाली ठेवा, हा दलाई लामांचा ध्वनिमुद्रित संदेश त्यांना ऐकविण्यात आला, तेव्हा त्यांतील काहींनी शस्त्र टाकण्यापेक्षा स्वतःचा प्राण देणे पसंत केले. वैराच्या काळी ज्यांचा उपयोग केला, मैत्रीच्या काळी त्यांना वाऱ्यावर सोडले. दोन्ही वेळा निर्णय त्यांचा नव्हता.

कंबोडियाची कथा तर याहून विदारक आहे. १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसे मेली. विहार उद्ध्वस्त झाले. भिक्खूंची चीवरे उतरविण्यात आली, कित्येकांना ठार मारण्यात आले. एका बौद्ध देशाची स्मशानभूमी झाली. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या सैन्याने ही राजवट उखडून टाकली. परंतु व्हिएतनाम रशियाचा मित्र, आणि रशिया हा अमेरिका व चीन या दोघांचाही प्रतिस्पर्धी! तेव्हा त्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात कंबोडियाच्या आसनावर कोण बसावे या प्रश्नावर अमेरिका आणि चीन एका बाजूस उभे राहिले. ते आसन ख्मेर रूजच्याच प्रतिनिधीकडे राहिले. ज्यांच्या हातांना लक्षावधींचे रक्त लागले होते, त्यांनाच त्या मृतांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळाला. दोन महासत्तांच्या मैत्रीचे हे फळ आहे.

आता तिसरा दाखला. ४ जून १९८९ रोजी पेकिंगच्या रस्त्यांवर रणगाडे फिरले. अमेरिकेने जाहीर निषेध केला, उच्चस्तरीय भेटीगाठी थांबविल्याचे घोषित केले. परंतु त्यानंतर एक महिनाही उलटला नव्हता, तोच अध्यक्ष थोरले बुश यांचे सल्लागार ब्रेंट स्कोक्रॉफ्ट गुप्तपणे पेकिंगला जाऊन आले. मे १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी व्यापारी सवलतींची सांगड मानवी हक्कांशी घातली आणि बरोबर एका वर्षाने, मे १९९४ मध्ये, ती स्वतःच सोडविली. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला. व्यापार वाढला की स्वातंत्र्य आपोआप येईल, असे आश्वासन त्या वेळी दिले गेले. स्वातंत्र्य आले नाही, स्वस्त माल तेवढा आला. या चिनी आयातीमुळे अमेरिकेत १९९९ ते २०११ या काळात वीस लाखांहून अधिक रोजगार बुडाले, असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. चिनी विद्यार्थी आणि अमेरिकन कामगार या दोघांच्याही माथी एकाच मैत्रीचा भुर्दंड बसला, आणि त्या दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, "मग भांडण बरे! डॉक्टरसाहेब, तुम्हीच तर मैत्रीचे दोष सांगितलेत." थांबा. भांडणाचाही हिशेब पाहू. आणि तो आम्ही पुस्तकांतून नव्हे, रुग्णालयाच्या खाटेपाशी उभे राहून पाहिला आहे.

फेंटानिल हे वेदनाशामक औषध आम्ही वैद्य मायक्रोग्रॅमच्या मापाने वापरतो. मिलिग्रॅममागे मिलिग्रॅम तोलले तर ते मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तीव्र आहे. चोरट्या बाजारातील फेंटानिलने या देशात हाहाकार माजविला. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने अमेरिकेत प्रत्येकी एक लाखांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यूंत फेंटानिल वा तत्सम कृत्रिम द्रव्य होते. हे विष मेक्सिकोतील टोळ्या बनवितात, पण त्यासाठी लागणारी मूळ रसायने मुख्यत्वे चीनमधून येतात. म्हणजे दोन सरकारांनी एकमेकांशी बोलत राहणे हाच औषधोपचाराचा एक भाग होता. बोलणी फळास येतात, हेही दिसले होते: १ मे २०१९ पासून चीनने फेंटानिल-वर्गातील सर्वच द्रव्ये नियंत्रणाखाली आणली होती. परंतु ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला जाऊन आल्या आणि संतापलेल्या चीनने अमली द्रव्यविरोधी सहकार्य थांबविले. ते पुन्हा सुरू व्हावयास नोव्हेंबर २०२३ मधील कॅलिफोर्नियाची शिखरभेट उजाडावी लागली. मध्ये पंधरा महिने गेले. प्रत्येक मृत्यू या अबोल्यामुळे झाला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु घराला आग लागली असता दोन शेजाऱ्यांनी मानापमानासाठी विहिरीचा दोर ओढून धरावा, यास आम्ही परराष्ट्रनीती म्हणणार नाही.

२०२० च्या महामारीतही हेच घडले. वुहानमधील नेत्रवैद्य ली वेनलियांग यांनी नव्या आजाराविषयी सहकाऱ्यांना सावध केले, म्हणून ३ जानेवारी २०२० रोजी पोलिसांनी त्यांना समज दिली. ७ फेब्रुवारीला त्याच आजाराने त्यांचा अंत झाला. हा चीनच्या राज्यकर्त्यांचा अक्षम्य अपराध होय. पण समुद्राच्या अलीकडे काय चालले होते? रोगाला देशाचे नाव चिकटविण्याची अहमहमिका! आमच्यासोबत काम करणाऱ्या, चिनी वंशाच्या एका सहकारी डॉक्टरांना रुग्ण हात लावू देईना, तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. त्या बाई याच देशात जन्मल्या, याच देशात शिकल्या. आम्ही तर बाहेरून आलेलो. रुग्णाने आम्हांला मात्र हरकत घेतली नाही, कारण त्या महिन्यात भारत अमेरिकेचा शत्रू नव्हता. अस्पृश्यता म्हणजे काय, हे ज्याच्या आजोबांनी गावकुसाबाहेर भोगले त्याला त्या खोलीत उभे राहून सुटकेचा श्वास टाकता येईल काय? आम्हांला टाकता आला नाही.

आणि हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. या देशात आशियाई माणसाची पत त्याच्या गुणांवर कमी आणि त्याच्या मूळ देशाच्या संबंधांवर अधिक ठरत आली आहे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. साठ वर्षे चिनी माणूस अपात्र होता. डिसेंबर १९४३ मध्ये तो एकाएकी पात्र कसा झाला? जपानविरुद्धच्या युद्धात चीन मित्रराष्ट्र होता म्हणून! आणि पात्रता तरी किती? वर्षाला अवघ्या १०५ जणांची. त्याच काळात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० स्त्री-पुरुषांना छावण्यांत कोंडले होते, आणि त्यांतील दोन-तृतीयांश तर अमेरिकेचे नागरिक होते. आपण भारतीय तरी वेगळे कोठे होतो? १९२३ मध्ये येथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारले. १९४६ मध्ये, भारत स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना, वर्षाला १०० भारतीयांसाठी फट उघडली. १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ जपानी मोटारींवरील रागापोटी दोघांनी एका तरुणाला बॅटने मारून ठार केले. तो जपानी नव्हता, चिनी वंशाचा होता. मारेकऱ्यांना एक दिवसही तुरुंगवास झाला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायखात्याने चिनी हेरगिरीविरुद्ध खास मोहीम काढली. तिच्या फेऱ्यात अनेक निरपराध संशोधक सापडले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती गुंडाळावी लागली. आज ज्या चाबकाचा आवाज ऐकून आपण टाळ्या पिटतो, त्याला पाठी ओळखू येत नाहीत.

"पण चीन पडला तर भारत वर येईल" हा युक्तिवाद २०२५ सालाने तर पुरता निकालात काढला. त्या वर्षी मे महिन्यात जिनिव्हात तडजोड होऊन चिनी मालावरील शुल्क १४५ वरून ३० टक्क्यांवर आले. आणि २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क बसले, त्यातील निम्मे रशियाचे तेल घेतल्याचा दंड म्हणून. रशियाचे सर्वाधिक तेल घेणाऱ्या चीनवर तो दंड बसला नाही! कारण उघड आहे. मोटारींपासून क्षेपणास्त्रांपर्यंत सर्वत्र लागणाऱ्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची चावी चीनच्या हाती आहे. बलवानाशी तह होतो, इतरांना दंड होतो. तिरुपूरच्या शिलाईयंत्रावर वाकलेल्या बाईने आणि सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिराने रशियाचे तेल पाहिलेही नव्हते. दंड त्यांच्या रोजगाराला झाला. त्याच सप्टेंबरात एच-१बी प्रवेशपत्राच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. आपल्या किती घरांतील भाचे-पुतणे त्या रात्री झोपले नाहीत, हे आपण जाणतो. कोठे गेला तिसऱ्याचा लाभ?

मग आम्ही चीनचे पक्षपाती आहोत काय? मुळीच नाही. आणि कुंपणावर बसा, असेही आम्ही सांगत नाही. बाबासाहेबांनी ते कधीही सांगितले नाही. एप्रिल १९५४ मध्ये भारत आणि चीन यांनी तिबेटविषयक करारात पंचशीलाचा उच्चार केला, तेव्हा देशभर जयघोष झाला. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बोलताना बाबासाहेबांनी त्या जयघोषातील पोकळपणा दाखवून दिला. माओंचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता, तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना निराळी वागणूक दिली असती, असा त्यांचा मुद्दा होता. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताला येऊन भिडली, हेही त्यांनी बजावले. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याचा प्रत्यय आला. ते स्वतः लोकशाही राष्ट्रांशी जवळीक असावी या मताचे होते. परंतु त्यांच्या विचाराची रीत पाहा. ऑक्टोबर १९५१ मध्ये, मंत्रिपदाच्या राजीनाम्यानंतर प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, त्यांनी परराष्ट्रनीतीचा हिशेब रुपयांत मांडला होता: ३५० कोटींच्या वार्षिक महसुलापैकी १८० कोटी लष्करावर जातात आणि हा भार आपल्या परराष्ट्रनीतीचा परिणाम आहे. घोषणा काय दिली, हे त्यांनी पाहिले नाही. भुर्दंड किती आणि कोणाला, हे पाहिले. हाच मापदंड आपण उचलावयाचा आहे. तो चीनला लावा, अमेरिकेला लावा आणि भारतालाही लावा.

या मापाने मोजले तर मैत्रीतील काही सोनेही हाती लागते, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ३१ जानेवारी १९७९ रोजी उभय देशांत विज्ञान सहकार्याचा करार झाला. सहकार्याच्या त्या काळात दोन्हीकडच्या वैद्यकीय संशोधकांनी चीनमध्ये सुमारे अडीच लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. गर्भधारणेच्या आधीपासून रोज केवळ ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घेतल्यास बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगे टळतात काय, हा प्रश्न होता. उत्तर चीनमध्ये गोळी न घेतलेल्या मातांत अशा व्यंगांचे प्रमाण हजारी ४.८ होते, वेळेवर घेतलेल्यांत ते हजारी १ वर आले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज आपल्या घरातील सुनेच्या हाती डॉक्टर जी स्वस्त गोळी ठेवतात, तिच्यामागे असंख्य चिनी मातांचे ऋण आहे. तोच विज्ञान करार ऑगस्ट २०२४ मध्ये मुदत संपून खंडित झाला आणि डिसेंबरात अधिक आखूड होऊन पुन्हा जोडला गेला. आमच्या मते हा धागा तुटू न देणे हे शंभर मेजवान्यांहून मोलाचे आहे.

तेव्हा करावयाचे काय? आपल्यातील बहुतेक जण आता या देशाचे मतदार आहेत. आपल्या लोकप्रतिनिधींना पत्र लिहून मागा की, साथीचे रोग, औषधे आणि अमली द्रव्ये या विषयांवरील सहकार्य कोणत्याही राजकीय रुसव्याच्या बाहेर ठेवावे. दोन राष्ट्राध्यक्षांचे हस्तांदोलन दिसले की विचारा: तिबेटी, उइघूर, तैवानी माणूस या खोलीत आहे काय? नसेल, तर त्याच्या वाट्याचे काय ठरले? शेजारच्या चिनी कुटुंबाकडे कोणी बोट दाखविले, तर त्यांच्या बाजूला उभे राहा, आपली पाळी येण्याची वाट पाहू नका. आणि आपल्या मुलांसमोर, जेवणाच्या ताटावर बसून, दुसऱ्याच्या नुकसानीचा आनंद साजरा करू नका. मुले ऐकत असतात.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण कोणत्या प्रसंगात सांगितले, हे आपणांस ठाऊक आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले. सिद्धार्थाने आपल्याच संघात उभे राहून सांगितले की, आपली बाजूही निर्दोष नाही. दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, असे पंच नेमून वाद मिटवावा. बहुमत विरुद्ध गेले. त्याने घर सोडले, पण मत सोडले नाही. आपली बाजूही तपासा, हे शब्द आपल्याच सभेत उच्चारणे सर्वांत कठीण असते.

पुढील स्नेहभोजनात आम्ही गप्प बसणार नाही. आपणही बसू नये, एवढीच विनंती.

जय भीम!